हो म्हणायच्या आधी

भर मांडवात नवरीला "तुले नाई म्हनाचं हाय का?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं असावं. कोणीतरी धरून त्यांना सावलीत नेऊन बसवेल म्हणून मी वाट पाहत राहिले. कोणी हललं नाही. नवरीची आई तेवढी कपाळाला हात लावून म्हणाली, "झालं याचं सुरू."

धानोऱ्याच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी नागभीडची, वडील रेल्वेत गँगमन, आणि घराण्यात नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी. धानोऱ्याच्या चहूबाजूंनी जंगल. संध्याकाळची एसटी गेली की गाव आपलं आपण. अशा ठिकाणी एकट्या मुलीला खोली कोण देणार, या काळजीने वडील सोबत आले होते. कोणीतरी गुरुजींचं नाव सांगितलं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आमच्याच बौद्ध समाजातले, घरात नवरा-बायको दोघंच. वडिलांनी हात जोडून सगळी हकीकत सांगितली. गुरुजींनी ती ऐकून घेतली आणि वडिलांना ओलांडून मला विचारलं, "तुले राहाचं हाय का इथी, का बाप म्हन्ते म्हनून?" वडिलांचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं होतं. मी घाईघाईने मान हलवली आणि खोली मिळाली.

गुरुजी उंच आणि वाळके होते. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी खिशाला दोन पेनं असायची. त्यांच्याकडे एक सायकल होती आणि ती ते कधीही चालवत नसत. हातात धरून तिच्या बाजूने चालायचे. मी विचारलं तर म्हणाले, सायकलवर बसलं की समोरचा माणूस बोलायला लागेपर्यंत आपण पुढे गेलेलो असतो. "मग सायकल घ्यायचीच कशाला?" असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी सायकलकडे अशा मायेने पाहिलं की मीच गप्प बसले.

आमच्या लग्नांत भटजी नसतो. समाजातलाच एखादा जाणता माणूस वंदना म्हणतो, वधूवरांकडून प्रतिज्ञा वदवून घेतो, मग हार पडतात, फुलांच्या पाकळ्या पडतात आणि लग्न लागतं. त्या भागात हे काम गुरुजींकडे होतं. त्यांच्यासारखी वंदना कोणाला येत नव्हती. आवाज असा की रडणारी पोरंसुद्धा थांबत. पण प्रतिज्ञेच्या आधी त्यांनी स्वतःच्या मनाने एक कलम घुसडलं होतं. ते हात वर करायचे. वाजंत्री थांबायची. मग पेलाभर पाणी मागायचे आणि नवरीकडे वळून तो प्रश्न विचारायचे. वर सांगायचे, "मी पानी पेऊन राह्यलो. पेला सरेपर्यंत सांग. मी इथीच उभा हाय." आणि एकेक घोट घेत उभे राहायचे. नवरीचं झालं की दुसरा पेला नवरदेवासाठी. एकदा नवरदेवाचा मामा उठून म्हणाला की तहान लागली असेल तर घरून पिऊन येत जा. गुरुजींनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

मी तर पहिले काही महिने नुसती थक्क होत होते. हा अपशकुनीपणा लोक सहन कसा करतात? एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "प्रतिज्ञा म्हंजे काय पाठांतर हाय? ज्याले नाई म्हनता येत नाई, त्याच्या 'हो'ले काय अर्थ?" बरं, आजवर कोणी नाही म्हटलंय का, असं मी विचारलं. तेरा-चौदा वर्षांत एकाही मुलीने म्हटलं नव्हतं. त्याचा त्यांना जराही खेद नव्हता. म्हनता येत होतं ना, मग झालं, असं ते म्हणाले आणि समाधानाने पान लावायला बसले.

शेजारच्या घरी गडचिरोलीहून मुलगी पाहायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. मुलीने चहा दिला. तिला चालायला लावलं, वेणी दाखवायला लावली, पेपरातल्या चार ओळी वाचायला लावल्या. गुरुजी जुने शेजारी म्हणून बसले होते. सगळं झाल्यावर त्यांनी मुलाला हाक मारली. "चाल पोट्ट्या, आता तू ऊठ." त्याला कपबश्या गोळा करायला लावल्या, विहिरीपर्यंत नेऊन विसळायला लावल्या, येताना "सावकाश ये, चाल पाहू दे" म्हणाले, आणि परत आल्यावर सगळ्यांसमोर विचारलं की राग आला म्हणजे तू काय करतोस. मुलगा बिचारा गोंधळून गेला आणि खरं सांगून बसला की भांडी फेकतो. त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. मी दाराआडून हे पाहत होते आणि मला लाजेने मेल्यासारखं झालं. सोयरीक अर्थातच मोडली. मुलीचा बाप महिनाभर गुरुजींशी बोलला नाही.

आपलं चुकलं असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. उलट ते मला पलीकडच्या गोंडांच्या गावांतली लमझन्याची रीत सांगू लागले. तिथे लग्न ठरलेला मुलगा लमझना म्हणून आधी मुलीच्या बापाकडे राहून दोन-तीन वर्षं शेतीत राबतो, मग लग्न होतं. लोक म्हणतात, सासऱ्याला फुकटचा गडी मिळतो. गुरुजी म्हणायचे, "गडी मिळत असन. पन पोरगी त्याले दोन वर्षं पाह्यते. बैल आडला त थो कसा मारते, थे पाह्यते. आपन चहा पेवाले लागते तेवढा वेळ पाह्यतो." असली तुलना करणारा माणूस मी आमच्या समाजात पाहिला नव्हता. हे वडिलांच्या कानावर गेलं तर ते मला सामानासकट उचलून नेतील, अशी मला धास्ती वाटायची.

या सगळ्याकडे मी वरून पाहत होते, हेही सांगायला हवं. प्रेमाच्या बाबतीत मी स्वतःला गुरुजींपेक्षा शहाणी समजत होते. माझा होणारा नवरा मी निवडलेला होता. चंद्रपूरला डी.एड. करताना त्याची ओळख झाली. पुढे त्याने मास्तरकी सोडली आणि तो राजुऱ्याकडे कोळसा खाणीच्या कचेरीत लागला. दर आठवड्याला त्याचं निळं आंतर्देशीय पत्र यायचं. महिन्यातून एकदा तो स्वतः एसटीने यायचा. आम्ही तलावाच्या पाळीवर बसायचो आणि गावातल्या बायका पाण्याला दोनदा जास्त यायच्या. मुलगा आमच्याच समाजातला, नोकरदार, निर्व्यसनी. तरी मुलीने आपला नवरा आपण शोधला म्हणून हे कळल्यावर वडील दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. ती दोन वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

एकदा मला त्याच्या पत्राचा इतका आनंद झाला की मी ते गुरुजींना आणि बाईंना वाचून दाखवलं. गुरुजींच्या बायकोला सगळे बाई म्हणत. त्या सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. पत्र मोठं गोड होतं. तू माझ्यासाठीच जन्मलीस, तुला मी फुलासारखं ठेवीन, आपलं घर असं असेल, तू दारात अशी उभी राहशील, असं सगळं. गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "यानं तुले इचारलं काय?"

मी पत्र पुन्हा पाहिलं. तब्येत कशी आहे असं विचारलं होतं. ते मी सांगितलं.

"तब्येतीचं सोड."

मला संताप आला. प्रेमात विचारावं लागत नाही, समजतं, असं मी म्हटलं. त्यावर गुरुजी म्हणाले, "थेच त. आधी मायबाप न इचारता देत. आता पोट्टा न इचारता घेते. नवीन काय झालं मंग?" मी उठून खोलीत गेले आणि चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझ्या प्रेमाची मुलगी पाहायच्या कार्यक्रमाशी बरोबरी करणारा हा कोण? बाई रोज भाजीची वाटी दारात ठेवून जायच्या. त्या काही बोलत नसत. त्या कधीच काही बोलत नसत, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही.

शेवटी वडील नमले. उन्हाळ्याच्या सुटीत नागभीडला घरासमोर मांडव घालायचं ठरलं. लग्न गुरुजींनीच लावायचं, हा हट्ट माझा. वडील म्हणाले, तो म्हातारा तो प्रश्न विचारेल. मी म्हटलं, विचारू दे की, सगळ्या जगात माझंच लग्न असं आहे जिथे त्या प्रश्नाला काही काम नाही. गुरुजींनाही मी हसत हसत म्हणाले की मला नाही विचारलंत तरी चालेल. "मंग दुसरा पाहा," असं म्हणून ते वाचनाकडे वळले.

लग्नाच्या सकाळी मी पांढरं लुगडं नेसून बसले होते आणि नवरदेवाची मोठी बहीण माझे केस विंचरत होती. फार प्रेमळ बाई. बोलता बोलता म्हणाली, "तुही दगदग सरली आता. भाऊनं तुहा राजीनामा परवाच हापिसात देऊन टाकला. तुले सांगू नको म्हने. लगन झाल्यावर सांगन, खूश होईन म्हने."

मला काही कळेना. कसला राजीनामा? मग आठवलं. दिवाळीत त्याने माझ्याकडून दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. बदलीचा अर्ज करायचा आहे, मजकूर टाईप करून घेतो, तू कशाला धानोऱ्याहून खेपा घालतेस, असं म्हणाला होता. मी सह्या केल्या. ज्याच्यावर जीव लावला त्याला कोरा कागद द्यायला कसली भीती? आता मी शिकवायचं सोडून राजुऱ्याच्या क्वार्टरच्या दारात उभी राहणार होते आणि हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

मी भांडले नाही. बाहेर पाहुणे जमले होते, वडील नवा सदरा घालून दोन वर्षांनी माझ्याकडे बघून हसत होते. मी ठरवलं की आता काही नाही, नंतर बोलू. तेवढ्यात बोलावणं आलं.

वंदना झाली. गुरुजींनी हात वर केला, पाणी मागितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारून पहिला घोट घेतला. मी नवरदेवाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हाताऱ्याचं नाटक संपू दे, असा त्याचा अर्थ होता. त्या डोळे मिचकावण्यात मी आधीच त्याच्याकडची होते. मला विचारायचं राहिलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. दुसरा घोट झाला, तिसरा झाला, आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"मले नाई म्हनाचं हाय."

पाणी गुरुजींच्या सदऱ्यावर सांडलं. माझी मावशी किंचाळली असं नंतर लोक सांगतात, मी ऐकलं नाही. मी गुरुजींकडे बघत होते. ते माझ्यापाशी वाकले. त्यांचा चेहरा एखाद्या घाबरलेल्या साध्या काकाचा झाला होता. कुजबुजत म्हणाले, "पोरी, इचार कर. येवढे लोक हायत."

मी जे बोलले त्याचा धक्का मला बसलाच होता. पण त्यांच्या या वाक्याचा त्याहून मोठा बसला. सोळा वर्षं हा माणूस पेला हातात घेऊन उभा होता तो कशासाठी? मला रडू फुटत होतं, तरी मी म्हटलं, "गुरुजी, तुमीच इचारलं."

मग त्यांनी पेला खाली ठेवला, लोकांकडे वळले आणि त्यांच्या त्या वंदनेच्या आवाजात म्हणाले, "लगन होत नाई. पोरीनं नाई म्हनलं."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कोणीतरी त्यांची गचांडी धरली, सदरा फाटला, सगळे त्यांनाच शिव्या देत होते, आणि ते हात पसरून माझ्यासमोर उभे होते. वडील मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले होते. गर्दीतून नवरदेव पुढे आला. "काऊन?" एवढंच त्याने विचारलं. मी राजीनाम्याचं सांगितलं. तो थक्क झाला. "तुह्यासाठीच त केलं," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी खाली पाहिलं. आजही वाईट वाटतं. पण उत्तर बदलावं असं तेव्हाही वाटलं नाही.

सोमवारी गुरुजी मला घेऊन गडचिरोलीच्या कचेरीत गेले. फाटलेल्या सदऱ्याला बाईंनी टाके घातले होते, तोच घालून. माझा राजीनामा अजून साहेबांपुढे गेला नव्हता. बाबूने फायलीतून काढून माझ्यासमोर ठेवला. टाईप केलेला सुबक मजकूर आणि खाली माझी सही. घरगुती कारणास्तव, असं लिहिलं होतं. मी मागे घेत असल्याचा अर्ज लिहून दिला. साहेब रागावले, लग्न मोडलं म्हणून सरकारी कागदांशी खेळ करता का म्हणाले, पण नोकरी राहिली. गुरुजींना त्यांनी विचारलं, तुम्ही मुलीचे कोण. गुरुजी म्हणाले, "मीच थे लगन मोडलं."

त्या उन्हाळ्यात गुरुजींना एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाही. मला अपराधी वाटायचं. पण त्यांना ते लागलंच नव्हतं. त्यांना दुसरंच काही खात होतं. एका दुपारी ओसरीवर बसून ते मला म्हणाले, "सोळा वर्षं इचारलं. कोनी खरंच नाई म्हनन असं मले वाटलंच नवतं. मंग मी इचारत काय होतो?" तुमच्यामुळे मी वाचले, असं काहीतरी मी म्हणणार होते.

बाई बाजूला बसून चारोळी काढायला दगडाने चारं फोडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मले कधी इचारलं?"

गुरुजी हसले. मग हसायचे थांबले. बाईंचं लग्न झालं तेव्हा त्या तेराच्या आणि गुरुजी सतरा-अठराचे होते. त्याला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली होती. बाईंनी दगड बाजूला ठेवला, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "आता इचारा."

मी उठायला लागले तर त्या मला म्हणाल्या, "बस. साक्षीले कोनी पायजे." गुरुजी उठून उभे राहिले. बसून विचारणं त्यांना जमलं नसावं. मांडवात विचारायचे त्याच शब्दांत त्यांनी विचारलं, फक्त आवाज तो नव्हता. अंगणातली कोंबडी ओसरीवर चढून चारं टिपू लागली, तिला कोणी हाकललं नाही.

"नाई म्हनते," बाई म्हणाल्या. भात वाढू का म्हटल्यावर पुरे म्हणतात, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या पिशवी घेऊन नागभीडकडे भावाच्या गावी निघून गेल्या. भाताच्या रोवणीला माणसं लागतात, एवढंच सांगितलं. माझं लग्न मोडलं, त्यापायी यांचाही संसार मोडला, असं वाटून मला जेवण जाईना. मी गुरुजींच्या मागे लागले की जा, त्यांना घेऊन या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गेलो त इचारलं कायले?"

दोन महिने ते गेले नाहीत. पत्रही पाठवलं नाही. भात रोज करपायचा. बाजाराला जाताना ते एसटी स्टँडचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने जायचे, म्हणजे आलेल्या गाडीतून कोण उतरतं ते बघावं लागू नये. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या दाराशी येऊन विचारलं, "तिले खायले काय आवडते गं?" मला माहीत नव्हतं. दोन-अडीच वर्षं बाईंच्या हातची भाजी खाऊन मलाही माहीत नव्हतं, आणि हे त्यांना सांगताना मला माझीच शरम वाटली.

रोवणी आटोपून, पोळ्याच्या आधी, एका दुपारी बाई आल्या. स्टँडपासून चालत. उन्हाने रापल्या होत्या, नखांत चिखल होता. गुरुजी अंगणात सायकल पुसत होते. ते ताडकन उभे राहिले. बाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली.

"नाई म्हनून पाह्यलं," त्या म्हणाल्या. "जमते."

गुरुजींनी मान हलवली.

"राहीन आता. पन इचारत जा."

गुरुजी विचारात पडले. शेकडो मांडवांत एकच प्रश्न विचारलेला माणूस, त्याला दुसरा सुचेना. हातातलं फडकं ते उगाच पिळत राहिले. शेवटी अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "उनातून आलीस. थकली काय?"

बाई ओट्यावर बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि एवढ्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं हे मला तेव्हा समजलं.

"हो," त्या म्हणाल्या. "लय थकली."